दोन बहरांमधले दिवस



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे ती प्रथा गावोगाव पोचली आणि वसंत हा आपल्याकडे फुलण्याप्रमाणेच ऐकण्याचाही ऋतू झाला. ज्या ऋतूच्या नावाने आपण इथे जमतो त्या ऋतूचाच थोडा इतिहास आज सांगावा, असा माझा विचार आहे. मात्र तो सांगताना आपण काही वेळ माणसाची खुर्ची सोडून मधमाशीच्या जागी जाऊन बसू. तिथून आपले काटोल कसे दिसते हे पाहण्याजोगे आहे.

काटोलच्या माणसाला वर्ष दोन बहरांत मोजण्याची सवय आहे. एक आंबिया, दुसरा मृग. थंडीत बागेचे पाणी तोडायचे, झाडाला ताण द्यायचा, मग खतपाणी करून फेब्रुवारीच्या सुमारास फूल घ्यायचे, हा आंबिया. मे महिन्याच्या उन्हात ताण देऊन पहिल्या पावसाबरोबर फूल घ्यायचे, हा मृग. बहर ‘धरला’ असे आपण म्हणतो आणि तो शब्द अगदी यथार्थ आहे. कारण झाडाच्या मर्जीवर न सोडता, पाण्याच्या दोरीने आपण तो धरून आणतो. ही विद्या विदर्भातल्या बागाइतदाराने पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार केलेली आहे. फूल आले म्हणजे तीन-चार आठवडे सारा शिवार सुगंधाने भरतो आणि बागेत उभे राहिले तर झाडच गुणगुणते आहे असा भास होतो.

आता हिशेब पाहा. फुलांच्या हंगामात कष्टणारी कामकरी माशी साधारण सहा आठवडे जगते. म्हणजे आंबियाच्या फुलावर जी माशी आली, ती मृगाचे फूल पाहत नाही. दोन बहरांच्या मध्ये सुमारे शंभर दिवस जातात आणि तेवढ्यात पोळ्यातल्या माश्यांच्या दोन-तीन पिढ्या उलटतात. मृगाच्या फुलावर येणारी माशी ही आंबियावर आलेल्या माशीची नात किंवा पणती म्हणावी लागेल. या मधल्या पिढ्यांना कोणी खाऊ घातले? त्यांच्या अळ्यांना पराग कुठून मिळाला? बागेत तर त्या दिवसांत एक फूल नसते. माझे आजचे सारे व्याख्यान एवढ्या एका प्रश्नाभोवती आहे.

प्रथम संत्र्याविषयी. हे फळ आपले खरे, पण ते मूळचे इथले नव्हे. संस्कृतातला ‘नारंग’ हा शब्द इराणमार्गे, अरबांमार्गे पश्चिमेस गेला आणि स्पॅनिश भाषेतला ‘नारांखा’ व इंग्रजीतला ‘ऑरेंज’ त्याच शब्दाची रूपे आहेत. आपल्या नागपुरी संत्र्याचे पहिले रोप भोसले घराण्याच्या बागेत औरंगाबादेकडून आले, अशी परंपरा सांगतात. तिथून ते काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात रुजले, दिल्लीकडे जाणाऱ्या लोहमार्गाने दूरच्या बाजारात पोचले, आणि २०१४ साली ‘नागपूर संत्रा’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. कलम, खुंट, डिंक्या, कोळशी, पाण्याचा ताण या सर्वांचा आपण कसून विचार केला. नागपुरास लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आली, काटोलात फळ संशोधन केंद्र आले. फुलावर येणाऱ्या पाहुण्याची नोंद मात्र आपल्या वहीत फारशी झाली नाही.

ही उपेक्षा आपलीच आहे असे नाही. फुलाला कीटक लागतो ही गोष्ट जगाच्या विद्वानांनीही फार उशिरा मान्य केली. जर्मनीत स्पांडाऊ नावाच्या गावात कोन्राड स्प्रेंगेल नावाचा एक शाळेचा मुख्याध्यापक होता. १७८७ साली एका साध्या रानफुलाच्या पाकळीच्या बुडाशी त्याला बारीक केस दिसले. हे केस कशाला, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. पावसाच्या पाण्याने आतला मध पातळ होऊ नये म्हणून, असे त्याचे उत्तर होते. आणि मध कोणासाठी राखला, तर येणाऱ्या कीटकासाठी. तिथून तो पुढे पुढे गेला आणि १७९३ मध्ये त्याने मोठा ग्रंथ छापला. विद्वानांनी त्याकडे पाठ फिरवली. पुढल्याच वर्षी त्याची मुख्याध्यापकीही गेली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८४१ साली, चार्ल्स डार्विनने तो ग्रंथ विकत घेऊन वाचला आणि त्या विस्मृत मास्तराला त्याचे श्रेय मिळाले. लहान गावातल्या शाळेच्या मास्तराने रस्त्याकडेच्या फुलापाशी थांबून जो प्रश्न विचारला, त्यातून एक शास्त्र उभे राहिले, हे आपल्यासारख्या लहान गावाने विशेष लक्षात ठेवावे.

या शास्त्राची किंमत व्यवहारात कशी कळली, त्याची तीन उदाहरणे देतो. मेक्सिकोतली व्हॅनिलाची वेल फ्रेंचांनी हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर नेली. वेल वाढली, फुलली, पण शेंग धरेना. कारण तिची माशी मेक्सिकोतच राहिली होती. १८४१ साली एदमों आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीच्या टोकाने फुलाचा पराग हाताने लावून दाखवला, तेव्हा त्या बेटाचा धंदा उभा राहिला. दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. तिथे स्मिर्नाच्या अंजिराची झाडे लावली. वर्षानुवर्षे फळे कच्चीच गळून पडत. १८९९ साली अल्जीरियाहून त्या अंजिराचे चिलटाएवढे कीटक आणून सोडले, तेव्हा अंजीर पिकू लागले. तिसरे उदाहरण अलीकडचे. मलेशियात तेलमाडाच्या मळ्यांत मजूर लावून हाताने पराग शिंपडावा लागे. १९८१ साली आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधून एक लहानसा भुंगेरा आणून सोडला आणि ते काम त्याने फुकट अंगावर घेतले. तिन्ही ठिकाणी माणसाने झाड नेले आणि झाडाचा सोबती मागे ठेवला.

अंजिराचे नाव निघाले म्हणून सांगतो. ‘उंबराचे फूल’ म्हणजे कधी दृष्टीस न पडणारी वस्तू, असे आपण म्हणतो. वस्तुतः उंबराला फुले असतात, आणि शेकड्यांनी असतात. ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत लपलेली असतात इतकेच. उंबराचा कीटक बारीक छिद्रातून आत शिरतो, अंडी घालतो आणि जाताजाता परागीकरण करतो. वडाचा कीटक वेगळा, पिंपळाचा वेगळा. उंबर फोडून त्यातले किडे पाहून आपण तोंड फिरवतो. पण ते किडे नसते तर दत्ताच्या देवळापुढचा उंबर बीजावाचून राहिला असता.

आता आपल्याच मुलुखाकडे वळू. नागपूर जिल्ह्यातले रामटेक म्हणजेच कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले आहे. त्या काव्यातला यक्ष मेघाचे स्वागत कुड्याच्या ताज्या फुलांनी करतो. मला यातले मर्म असे वाटते, की कवीच्या डोळ्यांपुढे महिन्यागणिक बदलणारी फुलांची पंक्ती स्पष्ट होती. आषाढ आला म्हणजे कोणते फूल हाताशी असते, हे त्याला ठाऊक होते. आज आपल्यापैकी किती जणांना आषाढातले रानफूल नावानिशी सांगता येईल?

दुसरे नाव वर्ध्याचे. १९३४ साली तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचा कारभार जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून चालवला. संघाने इतर ग्रामोद्योगांबरोबर मधुमक्षिकापालनाचाही पुरस्कार केला. पुढे जबलपूरच्या तुरुंगात असताना कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. तो १९४५ साली निघाला. त्यात निसर्गातल्या व्यवहारांची प्रतवारी लावताना त्यांनी मधमाशीचा दाखला घेतला आहे. माशी स्वतःसाठी मध घेते, पण घेता घेता फुलाला फळ देऊन जाते. आणि जमवते ते एकटीसाठी नव्हे, सगळ्या पोळ्यासाठी. ज्या अर्थशास्त्रात घेणाऱ्याच्या घेण्यानेच देणाऱ्याचे भले होते, ते टिकाऊ, असा त्यांचा आशय. वर्धा आपल्यापासून किती लांब आहे? पण हा विचार जगभर फिरून आला तरी आपल्या धुऱ्यापर्यंत पोचायचा राहिला.

पुढील काळात महाराष्ट्रात या दिशेने काम झाले हे मान्य केले पाहिजे. महाबळेश्वरास खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय चालते. १९६२ साली पुण्यात मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने, आग्या मोहोळ जाळून न टाकता पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यावा आणि अळ्यांचा भाग तसाच राहू द्यावा, अशी पद्धत मोहोळ काढणाऱ्यांना शिकवली. महाबळेश्वराजवळचे मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. हे सारे चांगलेच. परंतु पेटी आणून ठेवली म्हणजे माशीचा प्रश्न सुटला, असे समजणे हे गोठा बांधून चारा विसरण्यासारखे आहे.

चारा कुठे गेला, याचा इतिहास कोणत्याही दप्तरात लिहिलेला नाही. तो आपल्या धुऱ्यांवर वाचावा लागतो. पूर्वी बागेला जिवंत कुंपण असे. त्यात बोर, हिवर, सागरगोटा, निरगुडी, मेंदी, वर चढलेल्या नाना वेली. कुंपणाच्या जागी तारा आल्या. जागा वाचली, ढोरे अडली, आणि बारमाही फुलणारी एक अरुंद बाग प्रत्येक शेताभोवतून नाहीशी झाली. जाम नदीच्या आणि ओढ्यानाल्यांच्या काठची झुडपे ‘साफ’ झाली. गावात अंगणे होती, तिथे सिमेंटचे गट्टू बसले. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: सगळ्या माश्या पोळे करीत नाहीत. कितीतरी जातींच्या एकट्या राहणाऱ्या माश्या उघड्या जमिनीत बारीक बिळे करून त्यात अंडी घालतात. त्यांच्या दृष्टीने गट्टूंचे अंगण म्हणजे कुलूप लावलेले घर.

आणि ज्या काळात हे घडले त्याच काळात आपण झाडे लावीत होतो, हे विशेष. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. १९७५ साली शहरी भागातली झाडे राखण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला. २०१६ साली राज्याने २ कोटी झाडांचा संकल्प केला, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. या प्रयत्नांची थट्टा करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. पण सर्व काळ आपण झाडांची संख्या मोजली. कोणत्या महिन्यात कोणते फूल, हे मोजले नाही. लवकर वाढणारे, जनावर न खाणारे, दिसायला शोभिवंत, या कसोट्यांवर झाड निवडले गेले. मादागास्करचा गुलमोहर आला, अमेरिकेतली बोगनवेल आली. बोगनवेलीचा जो रंग आपल्याला मोहवतो तो पाकळ्यांचा नसून पानासारख्या आवरणांचा असतो. दुकानातून आणलेल्या कित्येक दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. माशी येते, घोटाळते आणि परागावाचून परत जाते.

कोणी म्हणेल, मग परकी झाडे उपटून टाकायची काय? मुळीच नाही. संत्रा स्वतः पाहुणा आहे. चिंच फार पूर्वी आफ्रिकेतून आली. नीलगिरी ऑस्ट्रेलियाची असून तिच्यावर माश्या आनंदाने जातात. हा जातपात पाहण्याचा विषय नव्हे. पण जे झाड आणि जो कीटक हजारो वर्षे एका रानात वाढले, त्यांची वेळ, तोंड आणि गरज एकमेकांस बेतलेली असते. बहाव्याच्या घोसावर काळा भुंगा कसा लोंबकळतो ते पाहा. तो फुलाला धरून अंग थरथरवतो आणि पराग झाडून घेतो. हीच थरथर वांग्याच्या फुलाला लागते आणि ती आपल्या पोळ्यातल्या माशीला येत नाही. भुंगा वाळल्या लाकडात घर करतो म्हणून आपण त्याला हाकलतो; तो गेला तर भरताची वांगी महाग पडतील.

संत्र्याच्या बाबतीत मी अतिशयोक्ती करणार नाही. संत्र्याच्या फुलाला स्वतःचा पराग चालतो. माशी आली नाही तर बाग ओस पडेल, असे नाही. माश्यांच्या वावराने लिंबूवर्गीय झाडांची फळधारणा सुधारते असे अनेक ठिकाणच्या प्रयोगांत दिसले आहे, एवढेच म्हणतो. पण संत्र्याच्या ओळींपलीकडे काय आहे? काकडी, कारले, दोडका, भोपळा यांत नर आणि मादी फुले वेगळी. तिथे कीटकावाचून फळच नाही. कांद्याचे बी, धने, सूर्यफूल यांनाही माशी हवी. आणि रानातल्या बोरीबाभळींना कोणी हाताने पराग लावायला जाणार नाही.

तर मग माशीचे पंचांग मांडून पाहू. माघ-फाल्गुनात काटेसावर, पळस, पांगारा आणि आंबिया बहर, ही दिवाळीच. चैत्रात कडुनिंब मोहोरतो, ज्याचे फूल आपण पाडव्याला तोंडात घालतो, जांभूळही फुलतो. वैशाखात करंज, शिरीष, बेल, बहावा. ज्येष्ठात चिंच आणि ओढ्याकाठचा अर्जुन. दोन बहरांमधले शंभर दिवस या झाडांनी आजवर सांभाळले आहेत. कडुनिंब, करंज, जांभूळ, अर्जुन ही मृगाच्या बहराची खरी पूर्वतयारी होय. त्यापुढचा काळ अधिक कठीण. पावसाने मध धुतला जातो, माशीला उडता येत नाही, आणि श्रावण-भाद्रपदात पोळी उपाशी राहतात. आग्या तर अशा वेळी पोळे रिकामे सोडून दूर निघून जातो. या दिवसांत साग, निरगुडी, बाभूळ, तेरडा, आणि तरोटा. तरोट्याची कोवळी भाजी आपण पहिल्या पावसात खातो आणि उरलेला तरोटा फुलायच्या आत गवत म्हणून कापून टाकतो. तो पिवळा होईपर्यंत महिनाभर थांबलो तर आपले काय जाईल? आश्विन-कार्तिकात बोर आणि कुरडू, पुढे तुरीचे फूल, शेवगा, आणि मग पुन्हा आंबिया.

या पंक्तीत फुलपाखरांचेही एक पान मांडावे लागेल. २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ म्हणजे राणी पाकोळी हे राज्य फुलपाखरू ठरवले. त्याची अळी लिंबाच्याच कुळातली पाने खाऊन वाढते. त्याच्या भाऊबंदातले लिंबावरचे फुलपाखरू तर आपल्या रोपवाटिकांना चांगलेच परिचित आहे. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी त्याची अळी कलमांची पाने कुरतडते. बागाइतदाराने तिला आवरले तर मी दोष देणार नाही. पण देवळाच्या आवारात एक बेल, परसात एक कढीपत्ता असला, आणि त्याची चार पाने खाल्लेली आपण सहन केली, तर बाग आणि पाकोळी दोघांचे भागेल.

भीतीचा प्रश्न राहिला. आग्या माशी चवताळली तर जिवावर बेतते, ही गोष्ट खरी आहे आणि हसण्यावारी नेण्याची नाही. पण पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच वडावर बसलेले मोहोळ धूर, दगड आणि फटाके यांवाचून सहसा कोणाच्या वाटेस जात नाही. जिथे माणसांची वर्दळ आहे तिथले मोहोळ जाणत्या माणसाकडून काढवावे. जिथे नाही तिथले राहू द्यावे. सातेरी, फुलोरी आणि डंखच नसलेली पोयाची चिमुकली माशी यांना तर भ्यायचे कारणच नाही. आणि औषध फवारताना एवढे पथ्य पाळावे: बाग फुलावर असताना शक्य तो फवारणी टाळावी, करावीच लागली तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करावी.

श्रोतेहो, मी नगरपालिकेकडे मोठी योजना मागत नाही. माझी मागणी लहान आहे. या गावातल्या वाचनालयात एक वही ठेवावी. बारा महिन्यांची बारा पाने. ज्या कोणाला वेळ असेल, शाळेचा मुलगा असो की निवृत्त गृहस्थ, त्याने या महिन्यात गावात काय फुलले आणि त्यावर कोण आले, ते तारीख घालून लिहावे. वर्षाअखेर जे पान कोरे राहील, त्या महिन्याचे झाड पुढल्या पावसाळ्यात लावावे. शाळेच्या पटांगणात, स्मशानाच्या वाटेवर, स्टेशनच्या रस्त्याला, बागेच्या तारेलगत. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याने दारात तुळस ठेवावी आणि मंजिऱ्या खुडण्याची घाई करू नये.

संत्र्याने या गावाला नाव दिले. ज्या झाडांना कोणी बाजारात विचारले नाही, त्यांनी संत्र्याचे पाहुणे शंभर शंभर दिवस जगवले. ते ऋण फेडायला या पावसाळ्याइतका चांगला मुहूर्त नाही. चैत्र-वैशाखात करंजाच्या आणि कडुनिंबाच्या फुलांखाली उभे राहून वर ऐका. मृगाच्या बहराला येणाऱ्या माश्यांच्या आज्या तिथे कामावर आहेत.